तुइलाएपा साइलेले मालिएलेगाओई यांची राजकीय कारकीर्द: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तुइलाएपा कोण? ते किती काळ पंतप्रधान होते?

दक्षिण पॅसिफिकमधल्या सामोआ या देशाचे ते सर्वांत दीर्घकाळ राहिलेले पंतप्रधान. २३ नोव्हेंबर १९९८ ला त्यांनी पद स्वीकारलं आणि कायद्याच्या हिशेबाने ते २४ मे २०२१ ला गेलं, म्हणजे साडेबावीस वर्षं. जन्म १४ एप्रिल १९४५ चा, उपोलू बेटाच्या आग्नेय किनाऱ्यावरच्या लेपा गावातला. शिक्षण राजधानी आपियात आणि मग न्यूझीलंडमध्ये. ऑकलंड विद्यापीठाची वाणिज्य शाखेतली पदव्युत्तर पदवी मिळवणारे ते पहिले सामोअन. राजकारणात येण्याआधी ते ब्रसेल्समध्ये नोकरीला होते. १९८१ मध्ये लेपामधून संसदेत निवडून आले आणि पुढची चार दशकं तो मतदारसंघ त्यांच्याकडेच राहिला.

बातम्यांमध्ये त्यांचं नाव वेगवेगळं का दिसतं?

साइलेले हे त्यांचं स्वतःचं नाव, मालिएलेगाओई हे कौटुंबिक. तुइलाएपा, लुपेसोलिआई, आइओनो या मताई पदव्या आहेत, म्हणजे कुटुंबाने दिलेली प्रमुखपदं. सामोआत माणसाचा उल्लेख पदवीने करतात, म्हणून वर्तमानपत्रात नुसतं ‘तुइलाएपा’ असतं. जुन्या नोंदी शोधताना एक लक्षात ठेवा: पदवी आयुष्यात पुढे कधीही मिळू शकते, त्यामुळे १९८० च्या दशकातल्या आणि २०१० नंतरच्या कागदांत एकाच माणसाचं नाव वेगळं सापडतं.

सामोआत कोणीही निवडणूक लढवू शकतो का?

नाही, आणि त्यांची कारकीर्द समजून घ्यायची तर सुरुवात इथून करावी लागते. उमेदवाराकडे नोंदणीकृत मताई पदवी हवी. त्याचं देशात सलग तीन वर्षं वास्तव्य हवं. शिवाय ज्या गावाची पदवी आहे, त्या गावाची मोनोतागा सलग तीन वर्षं केलेली हवी. मोनोतागा म्हणजे गावकीची सेवा: गावाच्या कामांत, समारंभांत आणि वर्गणीत आपला वाटा उचलणं.

१९९० पर्यंत मतदानही जवळपास फक्त मताईच करत. त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये सार्वमत झालं, थोडक्या फरकाने कौल बाजूने लागला, आणि १९९१ च्या निवडणुकीत २१ वर्षांवरच्या सगळ्यांना मत मिळालं. उमेदवारीची अट मात्र तशीच राहिली.

अडचण येते ती मोनोतागापाशी. गावात न राहणाऱ्या, आपियात किंवा परदेशात नोकरी करणाऱ्या मताईची सेवा मोजायची कशी? गावच्या प्रमुखाने सही केली तरी प्रतिस्पर्धी न्यायालयात जातो, गावातले लोक दोन्ही बाजूंनी साक्षी देतात, आणि मतदानाआधीच उमेदवारी बाद होऊ शकते. निवडणुकीनंतरचा धोका वेगळा असतो, तो निवडणूक याचिकेचा. मतदाराला पैसे दिले, जेवण घातलं असं सिद्ध झालं, तर निवडून आलेल्याची जागा जाते. सामोआच्या समारंभांत भेट देणं ही रीतच आहे, त्यामुळे भेट कुठे संपते आणि लाच कुठे सुरू होते यावर प्रत्येक निवडणुकीनंतर खटले चालतात.

त्यांचा पक्ष इतका काळ सत्तेत कसा राहिला?

ह्यूमन राइट्स प्रोटेक्शन पार्टी, बोलताना एचआरपीपी, १९७९ मध्ये स्थापन झाली. १९८२ मध्ये वाआई कोलोने यांच्या नेतृत्वाखाली ती सत्तेवर आली, पण याचिकेत कोलोने यांचीच जागा गेली. मधे काही महिने तुपुआ तमासेसे एफी पंतप्रधान झाले आणि १९८२ च्या अखेरीस तोफिलाऊ एती आलेसाना आले. १९८५ मध्ये पक्षातल्याच काही सदस्यांनी साथ सोडली, अर्थसंकल्प पडला आणि तोफिलाऊंना पायउतार व्हावं लागलं. १९८८ ला ते परत आले.

१९८५ चा तो पराभव पक्ष कधी विसरला नाही. पुढची सगळी बांधणी एकाच हेतूने झाली: आपला माणूस मधेच उठून जाऊ नये. संसदेची मुदत तीनवरून पाच वर्षांची झाली. मंत्र्यांच्या जोडीला सहमंत्री नेमले गेले, त्यामुळे मागच्या बाकावरच्या सदस्यालाही कचेरी आणि पगार मिळू लागला. मुदतीच्या मध्यात पक्ष बदलला तर जागा रिकामी, असा कायदा झाला. आपल्याकडच्या पक्षांतरबंदीचाच हा नात्यातला. आणि निकालानंतर अपक्षांना लगेच पक्षात ओढून घेण्याची पद्धत पडली. २००१ मध्ये ४९ पैकी २३ जागाच आल्या होत्या, बहुमताला दोन कमी; सरकार अपक्षांच्या बळावर बनलं. २०१६ मध्ये तर निकालानंतर जवळजवळ सगळेच अपक्ष पक्षात आले आणि समोर अधिकृत विरोधी पक्ष म्हणून मान्यता मिळण्याइतकेही सदस्य उरले नाहीत.

यातून पुढे दोन तृतीयांश बहुमत हाताशी राहिलं. सामोआची राज्यघटना बदलायला एकूण सदस्यांच्या दोन तृतीयांश मतं लागतात आणि दुसऱ्या व तिसऱ्या वाचनात किमान ९० दिवसांचं अंतर लागतं. सार्वमताची गरज फक्त पारंपरिक जमिनीच्या कलमाला आहे. म्हणजे संख्याबळ असलेल्या सरकारला तीन महिने थांबण्यापलीकडे दुसरा अडसरच नव्हता. तुइलाएपांची खरी ताकद इथे होती, भाषणांत किंवा लोकप्रियतेत तेवढी नव्हती.

पंतप्रधान होण्याआधी त्यांनी काय केलं?

अर्थखातं सांभाळलं, आणि तेही अतिशय वाईट काळात. फेब्रुवारी १९९० मध्ये ओफा आणि डिसेंबर १९९१ मध्ये व्हॅल ही चक्रीवादळं आली. १९९३ मध्ये अळूच्या पानांवर करपा पडला आणि देशाचं मुख्य निर्यातपीक जवळजवळ संपलं. त्यातच सरकारी विमान कंपनी पॉलिनेशियन एअरलाइन्सने क्षमतेबाहेर विस्तार करून तिजोरीला मोठं भगदाड पाडलं. १९९१ पासून तुइलाएपा उपपंतप्रधानही होते.

जानेवारी १९९४ मध्ये वस्तू व सेवांवर १० टक्के कर लागू झाला. घरचं पीक आणि परदेशातल्या नातेवाइकांचे पैसे यांवर चालणाऱ्या घरांना तो थेट जाणवला. ‘तुमुआ मा पुले’ या पारंपरिक प्रमुखांच्या गटाने आपियात मोठे मोर्चे काढले आणि दोन पुढाऱ्यांवर राजद्रोहाचे आरोप ठेवले गेले. ते टिकले नाहीत. त्याच सुमारास महालेखापरीक्षकांनी मंत्र्यांच्या गैरव्यवहारांवर अहवाल दिला आणि १९९५ मध्ये त्यांनाच निलंबित करण्यात आलं. त्या काळच्या सरकारवरचा हा डाग पुसला गेलेला नाही, आणि अर्थमंत्री म्हणून तुइलाएपांना त्यापासून वेगळं काढता येत नाही. पण १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात आयातशुल्क कमी झालं, अर्थव्यवस्था मोकळी झाली, विमान कंपनीचा पसारा आवरला गेला, हेही तितकंच खरं आहे. सामोआ तेव्हा बुडाला नाही याचं मोठं श्रेय त्यांना जातं.

१९९८ च्या नोव्हेंबरमध्ये तोफिलाऊंनी प्रकृतीमुळे पद सोडलं. ते पुढच्या मार्चमध्ये वारले.

१९९९ ची हत्या काय होती?

१६ जुलै १९९९ ला पक्षाच्या विसाव्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात सार्वजनिक बांधकाम मंत्री लुआगालाऊ लेवाउला कामू यांना गोळी घालून मारण्यात आलं. गोळी झाडणारा तरुण लेआफा विताले या मंत्र्याचा मुलगा होता. खुद्द विताले आणि दुसरे मंत्री तोई आउकुसो यांनाही खुनाबद्दल शिक्षा झाली. कामू हे खात्यातल्या गैरव्यवहारांच्या मागे लागले होते. फाशीच्या शिक्षा पुढे जन्मठेपेत बदलल्या. तुइलाएपांना पंतप्रधान होऊन तेव्हा आठ महिनेही झाले नव्हते.

गाड्या उजवीकडून डावीकडे का आणल्या?

सामोआ जर्मन वसाहत असताना वाहतूक उजवीकडून चालू झाली आणि तशीच राहिली. पण लाखाहून अधिक सामोअन लोक न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियात राहतात, आणि तिथे वाहतूक डावीकडून चालते. नातेवाइकाने तिथली जुनी गाडी घरी पाठवायची म्हटलं, की स्टिअरिंग चुकीच्या बाजूला. स्वस्त जपानी गाड्यांचंही तेच. अमेरिकेतून येणाऱ्या गाड्या महाग पडत.

७ सप्टेंबर २००९ ला बदल झाला. क्रम असा होता: दोन दिवस सार्वजनिक सुट्टी, तीन दिवस दारूविक्री बंद, वेगमर्यादा कमी, रस्त्यांवर बाण आणि सूचना रंगवलेल्या. पहाटे ५:५० ला रेडिओवरून सगळ्या गाड्या जागेवर थांबवण्याची घोषणा झाली आणि ६ वाजता सगळे दुसऱ्या बाजूला गेले. मोठे अपघात झाले नाहीत.

फसलं ते बसचं. सामोआच्या लाकडी बसगाड्यांची दारं उजवीकडे होती. बाजू बदलल्यावर ती रस्त्याच्या मधोमध उघडू लागली. दार दुसरीकडे करायचा खर्च बसमालकांच्या अंगावर पडला आणि त्यांचा राग रास्त होता. विरोधकांनी संघटना उभारली, मोर्चे काढले, न्यायालयात गेले. तिथे त्यांची मागणी फेटाळली गेली.

आणि त्यांनी कॅलेंडरमधला एक दिवस गाळला हे खरं आहे?

खरं आहे. सामोआत ३० डिसेंबर २०११ हा शुक्रवार उगवलाच नाही. गुरुवार २९ च्या मध्यरात्रीनंतर थेट शनिवार ३१ आला.

१८९२ मध्ये अमेरिकेशी व्यापार सोयीचा व्हावा म्हणून सामोआ दिनांकरेषेच्या अमेरिकी बाजूला गेला होता. तेव्हा ४ जुलै दोनदा साजरा झाला. शंभर वर्षांनी व्यापार न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियाशी होता. आपियात शुक्रवार असे तेव्हा ऑकलंडमध्ये शनिवारची सुट्टी. आपियातले लोक रविवारी चर्चमध्ये असत तेव्हा सिडनीत सोमवारचं काम सुरू झालेलं. आठवड्याचे दोन दिवस वाया जात. म्हणून प्रमाणवेळ ग्रिनिचच्या ११ तास मागे होती ती १३ तास पुढे आणली.

व्यवहारातले प्रश्न लगेच आले. गाळलेल्या शुक्रवारचा पगार कामगारांना द्यायचा असं सरकारने ठरवलं. सेव्हन्थ डे अॅडव्हेंटिस्ट पंथात मात्र फूट पडली, कारण सातव्या दिवसाचा शब्बाथ आता नेमका कोणत्या वारी पाळायचा यावर एकमत होईना. शेजारचं अमेरिकन सामोआ जुन्याच बाजूला राहिलं, त्यामुळे जेमतेम सव्वाशे किलोमीटरवरच्या नातेवाइकाकडे जाताना तारीख एक दिवस मागे जाते. जुन्या घटनांच्या तारखा पडताळताना हे ध्यानात ठेवा: डिसेंबर २०११ च्या आधीच्या घटनेची सामोआतली तारीख न्यूझीलंडच्या वर्तमानपत्रात अनेकदा एक दिवस पुढची दिसते.

२००९ ची त्सुनामी आणि २०१९ ची गोवर, सरकारने कसं हाताळलं?

दोन्ही एका तागडीत घालू नयेत.

२९ सप्टेंबर २००९ ला सकाळी सातच्या आधी ८.१ तीव्रतेचा भूकंप झाला आणि काही मिनिटांत लाटा आग्नेय किनाऱ्यावर आल्या. लालोमानू, सालेआपागा आणि तुइलाएपांचं स्वतःचं लेपा उद्ध्वस्त झालं. सामोआत १४० हून अधिक माणसं गेली. गावं किनाऱ्यावरून उंचावर हलवण्याचं काम सरकारने नेटाने केलं.

गोवरीची साथ मात्र टाळता आली असती. जुलै २०१८ मध्ये सवाईई बेटावर दोन तान्ह्या मुलांचा लस दिल्यावर काही मिनिटांत मृत्यू झाला. लसीची पूड शुद्ध पाण्याऐवजी चुकून स्नायू सैल करणाऱ्या औषधात कालवली गेली होती. दोष लसीचा नव्हता, कालवण्याचा होता. दोन परिचारिकांना शिक्षा झाली. पण सरकारने गोवरीचं लसीकरण महिनोन्‌महिने बंद ठेवलं आणि खरं कारण लोकांपर्यंत ठामपणे पोहोचवलं नाही. अफवांना रान मोकळं मिळालं, लस घेतलेल्या मुलांचं प्रमाण सुमारे ३१ टक्क्यांवर आलं. २०१९ च्या उत्तरार्धात न्यूझीलंडमधून गोवर आली तेव्हा दोन लाख लोकवस्तीच्या देशात ५,७०० हून अधिक रुग्ण आणि ८३ मृत्यू झाले, बहुतेक पाच वर्षांखालची बाळं.

नोव्हेंबरमध्ये आणीबाणी जाहीर झाली. ५ आणि ६ डिसेंबरला सगळा देश बंद ठेवून पथकं घरोघर गेली. लस न घेतलेल्या कुटुंबाने दारात लाल कापड लावायचं, म्हणजे गाडी तिथे थांबते. ही मोहीम उत्तम झाली. एवढं करता येत होतं, तर ते वर्षभर आधी करायला हवं होतं.

ते हुकूमशहा होते का?

नाही. निवडणुका वेळेवर झाल्या, न्यायालयांनी सरकारविरुद्ध निकाल दिले, वर्तमानपत्रं टीका करत राहिली. मात्र विरोध ही सरकारची गरज आहे असं त्यांनी कधी मानलं नाही. दर आठवड्याच्या रेडिओ मुलाखतीत ते टीकाकारांना नावं ठेवत, न्यायाधीशांनाही सोडत नसत. मार्च २०२२ मध्ये न्यायालयाचा अवमान केल्याबद्दल ते दोषी ठरले, शिक्षा वेगळी झाली नाही.

पक्ष फुटला कशावरून?

२०२० च्या तीन विधेयकांवरून. जमीन व पदव्यांचे वाद ऐकणारं पारंपरिक न्यायालय मुख्य न्यायव्यवस्थेपासून पूर्ण वेगळं करायचं, त्याचं स्वतःचं अपील न्यायालय ठेवायचं, आणि त्याच्या निकालांवर सुप्रीम कोर्टाला फेरविचाराचा अधिकार राहू द्यायचा नाही, असा गाभा होता. सरकारचं म्हणणं, सामोअन रूढींना स्वतःचं न्यायासन हवं. वकील संघटना आणि न्यायाधीशांचं म्हणणं, गावाने एखाद्यावर अन्याय केला तर त्याचे मूलभूत हक्क राखणारं कोणी उरणार नाही. दुसऱ्या बाजूचा मुद्दा जास्त वजनदार होता.

उपपंतप्रधान फिआमे नाओमी माताआफा, देशाच्या पहिल्या पंतप्रधानांच्या कन्या, सप्टेंबर २०२० मध्ये बाहेर पडल्या. डिसेंबरमध्ये कायदे मंजूर झाले. लाआउली लेउआतेआ श्मिट यांनी स्थापलेल्या फास्ट पक्षाचं नेतृत्व फिआमेंनी मार्च २०२१ मध्ये घेतलं.

२०२१ मध्ये नेमकं काय घडलं?

९ एप्रिलला ५१ जागांसाठी मतदान झालं. एचआरपीपी २५, फास्ट २५, अपक्ष १.

पुढचा पेच एका आकड्यातला आहे. २०१३ मध्ये तुइलाएपांच्याच सरकारने घटनेत महिलांसाठी किमान १० टक्के जागांची तरतूद केली. कमी महिला निवडून आल्या, तर हरलेल्यांपैकी सर्वाधिक मतं मिळवणारीला जादा जागा. त्यावेळी सदस्य ४९ होते आणि कलमात ‘सध्या ५’ असा आकडाही लिहिला होता. नंतर जागा ५१ झाल्या, आकडा तोच राहिला. २०२१ ला पाच महिला निवडून आल्या. ५१ पैकी ५ म्हणजे ९.८ टक्के. मग पाच पुरेशा की सहावी हवी?

२० एप्रिलला निवडणूक आयुक्तांनी सहावी जागा निर्माण करून ती एचआरपीपीच्या आलिइमालेमानू आलोफा तुउआउ यांना दिली. दुसऱ्याच दिवशी अपक्ष पोनिफासिओ फास्टला मिळाले. २६ विरुद्ध २६.

४ मे ला राष्ट्रप्रमुखांनी फेरनिवडणूक जाहीर केली. १७ मे ला सुप्रीम कोर्टाने सहावी नेमणूक आणि फेरनिवडणूक दोन्ही रद्द केल्या. घटनेप्रमाणे निवडणुकीनंतर ४५ दिवसांत संसद भरलीच पाहिजे, म्हणजे शेवटचा दिवस २४ मे. राष्ट्रप्रमुखांनी आधी ती तारीख दिली, २२ ला मागे घेतली. रविवारी, २३ ला, कोर्टाने अधिवेशन भरवा असा आदेश दिला. २४ ला फास्टचे सदस्य संसद असलेल्या मुलिनुऊला पोहोचले तर तिच्या दाराला कुलूप. संध्याकाळी त्यांनी हिरवळीवर तंबूत शपथ घेतली.

दोन महिने दोन सरकारं होती. इथे आपल्या वाचकांचा घोळ होतो, म्हणून सांगतो: सामोआत सुप्रीम कोर्ट सर्वांत वरचं नाही, त्याच्यावर कोर्ट ऑफ अपील आहे. त्या कोर्टाने जूनमध्ये १० टक्क्यांचा अर्थ किमान सहा महिला असाच लावला, पण जादा जागा याचिका आणि पोटनिवडणुका संपल्यावरच भरायची असं म्हटलं. २३ जुलैला त्याच कोर्टाने तंबूतला शपथविधी वैध ठरवला. २६ जुलैला तुइलाएपांनी पराभव मान्य केला.

मग त्यांच्या कार्यकाळाची शेवटची तारीख कोणती लिहायची?

२४ मे २०२१. शपथविधी वैध ठरल्यामुळे फिआमे त्या दिवसापासून पंतप्रधान. कचेरीचा ताबा जुलैअखेर मिळाला, म्हणून काही जुन्या याद्यांत जुलै दिसतो.

त्यानंतर काय?

तुइलाएपा विरोधी पक्षनेते झाले. २०२२ मध्ये संसदेने त्यांना दोनदा निलंबित केलं. पहिलं निलंबन सुप्रीम कोर्टाने रद्द ठरवलं. २०२५ च्या सुरुवातीला फास्टमध्येच फूट पडली आणि फिआमेंचं सरकार अल्पमतात गेलं. २५ फेब्रुवारीला तुइलाएपांनी अविश्वास ठराव आणला, तो ३४ विरुद्ध १५ मतांनी पडला. ६ मार्चला लाआउलींचा ठरावही ३२ विरुद्ध १९ ने पडला. मे महिन्यात, १९८५ प्रमाणेच, अर्थसंकल्प नामंजूर झाला आणि जूनमध्ये संसद विसर्जित झाली. २९ ऑगस्टच्या निवडणुकीत फास्टला ३०, एचआरपीपीला १४, फिआमेंच्या नव्या पक्षाला ३ जागा मिळाल्या आणि ४ अपक्ष निवडून आले. लाआउली सप्टेंबरमध्ये पंतप्रधान झाले.